कुलूप दिसतंय, तरी साइट बोगस कशी? (आबांचा सौर पंप आणि ५,६०० रुपये)

मांजराकाठ

राम राम मंडळी. धागा काढायचं कारण घरचंच आहे.

औसा तालुक्यात आमची चार एकर. विहिरीला पाणी बरं आहे, पण लाईट येते रात्रीची. त्यामुळं आबांनी दोन वर्षांपासून सौर पंपाचा ध्यास घेतलाय. मागच्या आठवड्यात चुलतभावाच्या पोरानं आबांच्याच मोबाईलवर 'सौर पंप ऑनलाइन अर्ज' असं शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. साइट बघण्यासारखी होती. वर तीन सिंहांची मुद्रा, बाजूला तिरंगा, हिरव्यागार रानात पॅनलशेजारी उभा राहून हसणारा शेतकरी, खाली सरकती पट्टी 'फक्त ४१७ पंप शिल्लक'. पोरानं नाव, आधार, गट नंबर, खातं, सगळं भरलं. शेवटी आलं 'नोंदणी शुल्क ५,६०० रुपये' आणि खाली क्यूआर.

आबा द्यायला तयारच होते. पण स्कॅन केल्यावर पडद्यावर कुण्या एका माणसाचं नाव आलं, आडनावासकट. आबा म्हणले, "सरकारला आडनाव कवापासून आलं रं?" पोरगं म्हणतंय, "आबा, वर कुलूप हाय. साइट सेफ हाय." आबांनी पिन टाकलाच नाही.

पैसे वाचले. पण मला झोप लागेना, कारण आजवर मीसुद्धा साइटच्या पत्त्याशेजारचं ते कुलूपच बघत आलोय. कुलूप असून साइट बोगस असू शकते? मग बघायचं तरी काय? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

---

सर्व्हर_डाऊन

मूळचा नांदेडचा, पोटापाण्याला पुण्यात, काम याच क्षेत्रातलं. म्हणून जरा लांबण लावतो.

कुलूप म्हणजे एचटीटीपीएस. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही. लिफाफा डिंकानं नीट चिकटवलाय, बस. तो ज्याच्या हातात पडणार तो साव आहे की चोर, हे डिंक कसा सांगणार? तुम्ही आधार नंबर चोराकडं पाठवलात, तर तो अगदी सुरक्षितपणे चोराकडं पोचतो.

या कुलपासाठी साइटला एक प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते विकत घ्यावं लागायचं, त्यामुळं भुरटे त्या वाटेला फारसे जात नव्हते. २०१५ च्या शेवटाला 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि प्रमाणपत्र फुकट, काही मिनिटांत मिळायला लागलं. हे चांगलंच झालं, छोट्या छोट्या साइटवरचं बोलणंही झाकलं गेलं. पण चोरांनाही ते फुकटच मिळतं. लोक कुलूप बघून निर्धास्त होतात हे लक्षात आल्यावर गूगलनं सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचं चित्रच काढून टाकलं आणि तिथं दोन सरकत्या बटणांसारखी खूण ठेवली. आबांच्या फोनमध्ये जुना क्रोम असेल, नाहीतर फोन कंपनीचा स्वतःचा ब्राउझर.

आबांनी जे केलं ते माझ्या मते आजवरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा भारी आहे. साइटचं रूप त्यांनी बघितलंच नाही, पैसा कुणाच्या नावावर जातोय ते बघितलं.

---

खवा_पोळी

मग कुलूप नसलं तरी चालतं का? आमच्या भूममधल्या एका शाळेच्या साइटवर 'सुरक्षित नाही' असं येतं.

---

सर्व्हर_डाऊन

नुसतं वाचायला चालतं. दहावीचं वेळापत्रक बघून बाहेर पडलात तर काही बिघडत नाही. पण तिथं पासवर्ड, ओटीपी, खातं, काहीही टाईप करायचं नाही, त्यातून स्टँडवरच्या फुकट वायफायवर तर अजिबातच नाही. काही भरायचं असेल आणि कुलूप नसेल तर खाली मान घालून मागं फिरायचं आणि असेल तर तपासायला सुरुवात करायची, असा त्याचा उपयोग.

---

महाईसेवावाली

जिंतूर तालुक्यात माझं केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. सौर पंपाचे कागद घेऊन आठवड्याला दोघं-तिघं तरी येतात आणि त्यातला एखादा फसलेला असतोच.

मागच्या महिन्यात एक दादा 'मंजुरी पत्र' घेऊन आले. रंगीत प्रिंट, लॅमिनेशन केलेलं! गोल शिक्का, जावक क्रमांक, साहेबाची सही. दादांनी आधीच बारा हजार भरले होते आणि विचारत होते, पंप कधी येईल. मी तारीख बघितली, २६ जानेवारी. म्हणलं दादा, झेंडावंदनाच्या दिवशी कोणत्या साहेबानं सही केली हो? दादा खालीच बसले. मलाही पुढं बोलवेना.

तर माणसांना मी काउंटरवर कसं समजावते ते सांगते. साइटचा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा वाचायचा. पाकिटावर आधी नाव, मग मुक्काम, मग तालुका, शेवटी जिल्हा. पोस्टमन जिल्ह्यापासून सुरुवात करतो. इथंही तसंच, मागून पुढं यायचं. एचटीटीपीएस नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यापुढं जी पहिली तिरकी रेघ येईल तिथं बोट ठेवा आणि तिथून डावीकडं या.

केंद्राच्या सौर पंप योजनेचा, म्हणजे पीएम कुसुमचा, खरा पत्ता घ्या, 'पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट जीओव्ही डॉट इन'. मागून वाचलं तर जीओव्ही डॉट इन हा जिल्हा, एमएनआरई म्हणजे केंद्राचं नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हा तालुका आणि पीएमकुसुम हे गाव. बरोबर.

आता हे बघा, 'पीएमकुसुम डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम'. पुढचं वाचून वाटतं सरकारी आहे. मागून वाचा, जिल्हा निघतो अमुकतमुक. पुण्यातल्या दुकानावर 'नांदेड' लिहिलं म्हणून ते नांदेडात येत नाही. दुसरी चलाखी म्हणजे टिंबाच्या जागी आडवी रेघ, 'जीओव्ही-इन'. ते सरकारी नव्हे, नुसतं नाव तसं ठेवलंय.

(पत्ते मुद्दाम देवनागरीत लिहितेय, कुणाची चुकून टिचकी पडायला नको.)

जीओव्ही डॉट इन फक्त सरकारी खात्यांनाच मिळतं. नुसतं 'डॉट इन' किंवा 'ओआरजी डॉट इन' मात्र कुणीही पैसे टाकून घेऊ शकतं, आणि कुसुमच्या नावानं निघालेल्या बोगस साइट बऱ्याचदा त्यातच असतात. त्या मंत्रालयानं याबद्दल किती वेळा सूचना काढल्या, तरी नवीन निघतच राहतात.

---

हिमरू

ताई, मस्त समजावलंत. पण एक शंका. आमच्याकडं, संभाजीनगरात, वीजबिल भरतो ते महावितरणच्या साइटवर. ती तर जीओव्ही डॉट इन नाही. मग तीही बोगस?

---

महाईसेवावाली

हाच प्रश्न यायला पाहिजे होता. नाही, ती खरी आहे. महावितरण ही कंपनी आहे, तिचा पत्ता 'महाडिस्कॉम डॉट इन'. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा अर्जसुद्धा त्याच 'जिल्ह्यात' आहे, शेवट महाडिस्कॉम डॉट इन असाच होतो. रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन, तेही खरं. म्हणून जीओव्ही नाही म्हणजे खोटं, असं नसतं. अशा ठिकाणी खरा पत्ता दुसरीकडून पक्का करायचा. आपल्या जुन्या वीजबिलावर छापलेला असतो तो बघा, नाहीतर सबस्टेशनला विचारा.

आणि त्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. तो पोर्टलवर भरायचा असतो, कुणाच्या खासगी क्यूआरवर नाही.

---

हिमरू

पटलं. तरी तिरकस बोलायची खोड आहे म्हणून सांगतो, सरकारी पत्ता म्हणजे सोनं असंही नाही. २०२४ साली काही सरकारी साइटच्या पोटात ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती घुसवल्याच्या बातम्या होत्या. जिल्हा बरोबर, पण वाड्यात भाडेकरू चोर.

---

सर्व्हर_डाऊन

@हिमरू, खरंय. म्हणून सरकारी पानावरूनही अचानक 'बक्षीस जिंकलात'वर नेलं तर बंद करून टाकायचं. पण सौर पंपाच्या नावानं फसणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांचं घोडं त्याच्या कितीतरी आधीच पेंड खातं (आकडा अंदाजपंचे, माझा). ते त्या साइटवर पोचतात कसे ते बघा. मांजराकाठ, पोरानं जे 'सगळ्यात वर' उघडलं त्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं का?

---

मांजराकाठ

आत्ता फोन घेऊन तेच शब्द पुन्हा शोधले. होय हो. वरचे दोन 'प्रायोजित'च आहेत. तिसऱ्या नंबरला खरी साइट. इतकी वर्षं मला ते नाव वाटायचं, जाहिरात आहे हे डोक्यातच नव्हतं.

---

निवृत्त_पासबुक

अंबाजोगाईहून. छत्तीस वर्षं काउंटरवर काढली, त्यामुळे थोडं रागावून लिहिलं तर चालवून घ्या.

पोरांनो, बँकेच्या साइटसाठी आता सोपी खूण आहे आणि ती कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपला पत्ता 'बँक डॉट इन'वर हलवायला सांगितलं. हा पत्ता बँकेशिवाय कुणालाच मिळत नाही, तो देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडं आहे. स्टेट बँक आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन'. ताईंनी सांगितलं तसं मागून वाचायचं, शेवट 'बँक डॉट इन' पाहिजे. मधेच कुठंतरी बँक शब्द आहे म्हणून भुलायचं नाही.

(अवांतर: माझ्या वडिलांनी रझाकार बघितलेले. हैदराबादहून कसलाही हुकूम आला की त्यांच्या कपाळावर आठी. हा हुकूम मात्र त्यांनाही आवडला असता.)

दुसरं. 'केवायसी संपलं, आज रात्री खातं बंद' या मेसेजमधल्या लिंकवरून गेलेली माणसं माझ्यापुढं रडली आहेत. एक निवृत्त गुरुजी होते. पत्ता नीट वाचला म्हणाले, चष्मा लावून वाचला. मी बघितलं तर 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. लहान लिपीत इंग्रजी आर आणि एन चिकटले की एमच दिसतो. पंचावन्न वर्षांपुढचा डोळा काय ओळखणार? तेव्हापासून मी पत्ता वाचायच्या सल्ल्यावरसुद्धा पूर्ण विसंबत नाही. लिंकवरून बँकेत जायचंच नाही. स्वतः टाईप करा किंवा बँकेचं ॲप उघडा.

---

सर्व्हर_डाऊन

काकांच्या आर-एनवर एक उपाय. फोनमध्ये पासवर्ड जपून ठेवणारी सोय असते, तिथं बँकेचा पासवर्ड ठेवा. ती डोळ्यानं वाचत नाही, अक्षरन् अक्षर जुळवते. खऱ्या साइटवर पासवर्ड आपोआप भरला जातो. नक्कल असेल तर ती गप्प बसते. रोज भरणारा पासवर्ड एके दिवशी भरला नाही, तर 'बिघडलं वाटतं' म्हणत हातानं टाईप करू नका. आधी पत्ता बघा.

---

मोसंबी_जालना

आमच्याकडं पंप नाही, पैठणी झाली. 😄

सौभाग्यवतींना फेसबुकवर जाहिरात दिसली, 'अस्सल येवला-पैठण हातमाग पैठणी, ४९९ रुपये, फक्त आज'. मी म्हणलं, अगं पैठण इथून दीड-दोन तासावर, ४९९ मध्ये तिथं पदराचा मोरसुद्धा येत नाही. तर म्हणे, साइटवर लिहिलंय, 'पंचवीस वर्षांची परंपरा'.

इथंच कधीतरी कुणीतरी 'हू-इज'बद्दल लिहिलं होतं ते आठवलं. साइटचं नाव टाकलं की ते कधी नोंदवलं याची तारीख दिसते. टाकलं. परंपरा निघाली एकोणीस दिवसांची!

मग दोघांनी मिळून ती साइट सोलली. 'संपर्क'मध्ये पत्ता नाही, नुसता फॉर्म. 'माल परत करण्याचे नियम' उघडले तर तिसऱ्याच कुठल्यातरी बुटांच्या दुकानाचं नाव, मजकूर उचलून चिकटवलेला आणि नाव बदलायला विसरलेले. अभिप्राय चाळीस, सगळे पाच तारे, सगळे एकाच तारखेचे. साडीचा फोटो गूगलवर उलटा शोधला तर चार वेगवेगळ्या साइटवर तोच.

बायकोनं मागवली नाही. पण तिच्या बहिणीनं मागवली. पार्सलमध्ये पॉलिस्टरचा तुकडा आला, तो आता देवघरात समईखाली आहे.

---

खवा_पोळी

समईखाली 😂😂

मोसंबीभाऊ, म्हणजे तारीख जुनी असली की साइट चांगली का?

---

मोसंबी_जालना

नाही ना. जुनं नाव विकतही घेता येतं म्हणे. पण नवी तारीख आणि जुनी परंपरा एका पानावर दिसली की विषय संपला.

---

सर्व्हर_डाऊन

बरोबर. लिंक तपासायच्या ज्या फुकट सोयी आहेत त्यांचंही तसंच. गूगलच्या 'सेफ ब्राउझिंग'च्या पानावर पत्ता टाकून बघता येतं. 'व्हायरसटोटल' (२००४ पासून आहे, २०१२ मध्ये गूगलनं घेतलं) तोच पत्ता कितीतरी कंपन्यांच्या याद्यांशी ताडून बघतं. तिथं लाल दिसलं तर त्या साइटपासून लांबच राहायचं. हिरवं दिसलं तर मात्र इतकंच कळतं की अजून कुणी तक्रार केलेली नाही. परवा काढलेली साइट म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर लाल कुठून येणार?

---

खवा_पोळी

माझं वेगळंच दुखणं. आईच्या फोनवर दर पाच मिनिटाला 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत' असं वाजतं. कोणतीही साइट उघडलेली नसते.

---

सर्व्हर_डाऊन

व्हायरस नाही. कधीतरी एखाद्या साइटनं 'सूचना दाखवू का?' विचारलं असेल आणि काकूंनी 'परवानगी द्या' दाबलं असेल. क्रोम → सेटिंग्ज → साइट सेटिंग्ज → सूचना. तिथं अनोळखी नावं दिसतील ती बंद करा. त्या सूचनेवर टिचकी मारून 'व्हायरस साफ करणारं' काहीही उतरवू नका, खरा आजार तिथून लागतो.

ब्राउझर अद्ययावत असेल तर नुसती साइट बघून फोन बिघडणं विरळाच. घोटाळा होतो तो आपण काही टाईप केलं, काही उतरवलं किंवा परवानगी दिली तर.

---

हिमरू

उतरवण्यावरून, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली. एमएच २० च्या गाडीवाल्या सगळ्यांनी घाबरून उघडायला घेतली. एकाचा फोन ओरडला की अनोळखी ॲप आहे, तरी त्यानं 'तरीही इन्स्टॉल करा' केलंच. मग त्या ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पुढचे ओटीपी त्याच्याआधी चोरालाच दिसायला लागले. चलन खरं असेल तर ते परिवहनच्या सरकारी साइटवर गाडी नंबर टाकून बघता येतं. दंडाची पावती ॲप बनून येत नाही.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. पैसे गेले नाहीत, पण आधार, खातं, गट नंबर तर त्या लोकांकडं गेलंय. आता?

---

महाईसेवावाली

भाऊ, घाबरू नका पण गाफीलही राहू नका. आबांचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) सरकारी साइटवर किंवा आधारच्या ॲपवर होतं. म्हणजे अंगठ्याच्या जोरावर खात्यातून पैसे काढता येणार नाहीत. फक्त रेशन आणायला जाताना आठवणीनं उघडा, नाहीतर मशीन अंगठा घेत नाही आणि आबा दुकानदाराशी भांडतात. माझ्या इथं असं दोनदा झालंय.

खात्याचे मेसेज रोज बघा. आणि आता त्या लोकांचे फोन येतील, कारण त्यांच्याकडं आबांचं नाव, गाव, गट नंबर सगळं आहे. 'तुमचा अर्ज मंजूर झाला' म्हणून अगदी ओळखीच्यासारखे बोलतील.

---

निवृत्त_पासबुक

आणि ज्यांचे पैसे खरोखर गेले त्यांनी रडत बसायच्या आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत नंबर लावावा. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार आणि बँकेत लेखी अर्ज, पोच घेऊन. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, लवकर कळवलं तर मधेच गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमचा नाही. स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते तुमच्या माथी. लाजेनं दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी फार बघितली.

---

मांजराकाठ

धागा वर काढतोय. चार दिवस गावी होतो, आत्ता लिहायला बसलो.

ताईंनी सांगितलेलं पाकिटाचं गणित आबांना समजावलं. समजलं, पण म्हणले, "मला इंग्रजी अक्षरंच येत नाहीत, मी पाकीट वाचू कसं?" मी गप्प. 'डॉट भारत' हे देवनागरीतले पत्ते २०१४ पासून आहेत, पण आबांच्या कामाची एकही साइट मला त्यात सापडली नाही. शेवटी मीच खऱ्या साइट उघडून त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर तीन खुणा करून दिल्या, सातबारा, सौर पंप, पीएम किसान. त्या सोडून कुठं जायचं असलं तर मला फोन करायचा किंवा केंद्रावर जायचं. पोरगं हिरमुसलंय.

काल दुपारी ताईंचं भाकीत खरं झालं. आबा कडब्याच्या गंजीजवळ बसलेले, फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. गोड आवाज, नाव-गाव-गट नंबर बरोबर, "बाबा, तुमचा पंप मंजूर झालाय, फक्त ५,६०० बाकी आहेत."

आबा म्हणले, "बरं झालं. आधी तुमचा जिल्हा सांगा."

"बाबा, मी ऊर्जा विभागातून बोलतोय."

"ते गावाचं नाव झालं. जिल्हा कोणता? मी मागून वाचायलाव."

तिकडं जरा शांतता. मग तो म्हणाला, मुंबई. आबा म्हणले, "मग औशाच्या सबस्टेशनला कुणाला भेटू ते सांगा, मी आत्ताच निघतो, एसटी हाय साडेतीनची."

फोन कट.

---

खवा_पोळी

आबांना इथं आयडी काढून द्या.

---

महाईसेवावाली

'मी मागून वाचायलाव' हे प्रिंट काढून काउंटरवर लावतेय. आबांना विचारून सांगा भाऊ, चालेल ना?